सेल्फीत नाक मोठं दिसतं म्हणून ऑपरेशन? कॅमेरा, फिल्टर आणि कॉस्मेटिक सर्जरीमागचं गणित

गेल्या भाऊबीजेला साताऱ्याला मामाकडे गेलो होतो. ओवाळून झाल्यावर ताटात पाकीट ठेवलं, तर मामेबहीण हसत म्हणाली, "दादा, या वर्षी सगळ्यांकडून रोखच घेतेय. नाकाच्या फंडात टाकायचेत." मला वाटलं, चेष्टा करतेय. जेवणं झाल्यावर तिने फोन समोर धरला. स्क्रीनवर तिचेच दोन फोटो शेजारी शेजारी. डावीकडे साधा सेल्फी, उजवीकडे तोच फोटो एका ॲपने 'सुधारलेला'. नाक बारीक, हनुवटी टोकदार, डोळे किंचित मोठे. पुण्यातल्या एका क्लिनिकमध्ये ती जाऊनही आली होती. तिथे उजवीकडचा फोटो दाखवून तिने विचारलं होतं, "असं होईल का?" उत्तर मिळालं होतं, "होईल की." सोबत हप्त्यांचा तक्ता.

"तुझ्या नाकाला कोण काय म्हणालं?" मी विचारलं.

"कोणीच नाही रे. मलाच दिसतं ना रोज."

"कुठे दिसतं?"

ती जरा थांबली. "फोनमध्ये."

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पहिल्या नोकरीत दीड वर्ष व्हिडिओ कॉलच्या एका ॲपवर काम केलं आणि त्यातलं 'चेहरा खुलवणारं' फीचर आमच्याच टीमकडे होतं. त्यामुळे तिला रोज फोनमध्ये जे दिसतं ते कसं तयार होतं, हे मला बऱ्यापैकी माहीत आहे. सर्जरीबद्दल मात्र मला काहीच माहीत नव्हतं. 'हे सगळं खोटं आहे, नको करू' असं म्हणणं सोपं होतं, पण तेही अर्धवटच ठरलं असतं. म्हणून घरी आल्यावर नीट वाचलं. कॅमेरा काय दाखवतो, फिल्टर काय करतो, आणि ऑपरेशननंतर माणसाला खरंच बरं वाटतं का, हे तीन प्रश्न एकेक करून बघू.

सेल्फीत नाक मोठं का दिसतं?

कॅमेऱ्यात जवळची वस्तू मोठी आणि लांबची लहान दिसते, हे आपल्याला माहीत आहे. आगगाडीचे रूळ लांबवर एकत्र येताना दिसतात, तसंच. पण चेहरासुद्धा सपाट नसतो. नाकाचा शेंडा पुढे असतो आणि कानाजवळची गालाची कड त्याच्या साधारण १२ सेंटिमीटर मागे.

आता ढोबळ हिशेब करू. हातात फोन धरून सेल्फी काढला तर कॅमेरा नाकापासून सुमारे ३० सेंटिमीटरवर असतो. म्हणजे गालाची कड ४२ सेंटिमीटरवर. ४२ भागिले ३० म्हणजे १.४. नाक गालाच्या कडेच्या तुलनेत १.४ पट मोठं उमटतं. आता तोच फोटो दीड मीटरवरून, म्हणजे समोर बसलेला माणूस आपल्याला बघतो तेवढ्या अंतरावरून काढा. १६२ भागिले १५० म्हणजे १.०८. दोन्हींचं गुणोत्तर काढलं तर फरक येतो जवळजवळ ३० टक्के. चेहरा तोच, नाक तेच. बदललं ते फक्त अंतर.

माझा हा हिशेब कागदाच्या पाठीवरचा आहे, पण अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाचे सर्जन बोरिस पास्कोव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये नीट गणिती मॉडेल मांडून हेच दाखवलं. १२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाकाचा पाया, ५ फुटांवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत, सुमारे ३० टक्के रुंद दिसतो. 'माझं नाक बघा किती मोठं आहे' म्हणत लोक पुरावा म्हणून सेल्फीच दाखवायचे, म्हणून त्यांनी हे काम हाती घेतलं. त्याच सुमारास अमेरिकेतल्या चेहऱ्याच्या प्लास्टिक सर्जन्सच्या संघटनेने २०१७ चा आढावा दिला होता. त्यात ५५ टक्के सर्जन्सनी सांगितलं, की सेल्फीत चांगलं दिसायचंय म्हणून लोक त्यांच्याकडे येतात.

इथे एक गैरसमज दूर करू. दोष 'वाईड अँगल लेन्स'चा आहे असं बरेच जण म्हणतात. लेन्स वाईड असते म्हणून आपण फोन जवळ धरू शकतो, इतकंच. नाक फुगतं ते अंतरामुळे. फोन कोणाच्या तरी हातात देऊन पाच फूट लांब उभं राहिलात आणि झूम केलंत, तर चेहरा फ्रेममध्ये तेवढाच मोठा दिसेल, पण नाक जागेवर येईल.

आरशातले आपण आणि फोटोतले आपण

दुसरी भानगड डाव्या-उजव्याची. आरशात आपल्याला उलटी प्रतिमा दिसते आणि जन्मभर आपण तीच बघतो. कोणाचाच चेहरा दोन्ही बाजूंनी अगदी सारखा नसतो. भांग, तीळ, किंचित वाकडं हसू, सगळं फोटोत बाजू बदलतं. १९७७ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. मुलींना त्यांच्याच फोटोची सुलटी आणि आरशासारखी उलटी अशा दोन प्रती दाखवल्या. मुलींना स्वतःची आरशातली प्रत जास्त आवडली. त्यांच्या मैत्रिणींना मात्र सुलटी. कारण सोपं आहे. ज्याला जे रोज दिसतं ते त्याला बरं वाटतं.

फोनचा पुढचा कॅमेरा फोटो काढताना आरशासारखी प्रतिमा दाखवतो आणि काही फोन फोटो सेव्ह करताना ती सुलटी करतात. म्हणजे बटण दाबेपर्यंत एक चेहरा, दाबल्यावर दुसरा. 'आता तर बरी दिसत होते, फोटोत काय झालं?' याचं अर्धं उत्तर इथे आहे.

कोविडच्या काळात हे सगळं दिवसाचे आठ तास सुरू झालं. मीटिंग चालू आणि कोपऱ्यात आपलाच चेहरा, तोही लॅपटॉपच्या कॅमेऱ्यातून खालून दिसणारा. मानवी इतिहासात बोलताना स्वतःचं तोंड इतका वेळ कोणी पाहिलं नसेल. हार्वर्डच्या त्वचारोगतज्ज्ञ शादी कुरोश यांनी अमेरिकेतल्या शंभराहून अधिक त्वचारोगतज्ज्ञांना विचारलं, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांनी सांगितलं की कॉस्मेटिक उपचारांची विचारणा वाढली आहे. त्यातल्या बहुतेकांच्या रुग्णांनी व्हिडिओ कॉलचं कारण दिलं होतं. याला पुढे 'झूम डिसमॉर्फिया' असं नाव पडलं.

फिल्टर चेहऱ्याचं काय करतो?

आता माझ्या धंद्याची गोष्ट. स्नॅपचॅटने २०१५ मध्ये 'लुकसरी' नावाची कंपनी विकत घेतली आणि चेहऱ्यावर चिकटणारे फिल्टर घरोघरी पोचले. आतली यंत्रणा साधारण अशी असते.

आधी प्रोग्राम चेहरा शोधतो. मग चेहऱ्यावर ठिपके बसवतो. डोळ्यांचे कोपरे, ओठांची कड, नाकाचा शेंडा वगैरे. गुगलने २०१९ मध्ये खुल्या केलेल्या 'फेस मेश'मध्ये असे ४६८ ठिपके असतात आणि साध्या फोनवरही ते सेकंदाला अनेकदा मोजले जातात. ठिपके जोडून त्रिकोणांची जाळी तयार होते. नाक बारीक करायचं म्हणजे नाकपुड्यांवरचे ठिपके काही पिक्सेल आत सरकवायचे. फोटो त्या जाळीबरोबर रबरासारखा ताणला किंवा आकसला जातो. शेवटी त्वचा 'गुळगुळीत' करायची. डोळे, भुवया, ओठांच्या कडा तीक्ष्ण ठेवायच्या आणि मधले बारीक फरक, म्हणजे रोमरंध्रं, डाग, सुरकुत्या, पुसून टाकायचे.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. ठिपके कुठल्या दिशेने सरकवायचे हे प्रत्येक चेहरा बघून ठरत नाही. ते आकडे आधीच लिहून ठेवलेले असतात आणि सगळ्यांना सारखेच लागू होतात. म्हणून साताऱ्याची मुलगी, दिल्लीची मुलगी आणि सोलची मुलगी, तिघी एकाच फिल्टरमधून बाहेर पडल्या की मावसबहिणी वाटतात.

पूर्वीचे फिल्टर ओळखू यायचे. चेहऱ्यासमोरून हात फिरवला की मुखवटा घसरायचा. २०२३ मध्ये टिकटॉकवर 'बोल्ड ग्लॅमर' आला, त्यात हात फिरवूनही तो फारसा हलत नव्हता. टिकटॉक भारतात २०२० पासून बंद आहे, पण तंत्र बंद होत नसतं. आज इतर ॲपमध्ये आणि कित्येक फोनच्या मूळ कॅमेऱ्यातही ब्यूटी मोड असतो. काही फोनमध्ये तो आधीपासून चालूच असतो आणि मालकाला पत्ताही नसतो.

आमच्या टीममध्येही हाच वाद झाला होता. ० ते १०० असा स्लायडर होता. पहिल्यांदा ॲप उघडल्यावर तो कुठे असावा? मी ० वर ठेवला होता. चाचणीत ३० वर ठेवल्यावर लोक कॅमेरा जास्त वेळ चालू ठेवत होते, म्हणून ३० ठरलं. मी तेव्हा विरोध वगैरे काही केला नाही. एका ओळीचा बदल होता, केला आणि चहाला गेलो. त्या मीटिंगमध्ये 'कोणाचं नुकसान होईल का' हा प्रश्न कोणी विचारला नाही आणि त्या 'कोणी'मध्ये मीही होतो. ३० वर नेमकं काय होतं सांगू? चेहरा 'फिल्टर लावल्यासारखा' दिसत नाही. फक्त 'आज जरा फ्रेश दिसतेय' असं वाटतं. मग कधी बाथरूमच्या ट्यूबलाईटखाली आरशात बघितलं की वाटतं, आपल्याला काहीतरी झालंय.

२०१८ मध्ये बोस्टन विद्यापीठातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी यावर एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं आणि 'स्नॅपचॅट डिसमॉर्फिया' हा शब्द जगभर गेला. त्यांचं म्हणणं असं, की पूर्वी लोक सर्जनकडे नटनट्यांचे फोटो घेऊन जायचे, आता स्वतःचाच फिल्टर केलेला फोटो घेऊन जातात. नटीसारखं नाक मागणाऱ्याला निदान हे माहीत असतं, की ते दुसऱ्याचं आहे. स्वतःचाच फोटो दाखवणाऱ्याला वाटतं, की हा मीच आहे, फक्त माझा खरा चेहरा त्यात मागे राहिलाय.

कंपन्यांना हे कळत नाही असं नाही. इन्स्टाग्रामने २०१९ मध्ये प्लास्टिक सर्जरीची नक्कल करणारे फिल्टर काढून टाकले. २०२१ मध्ये त्यांच्याच अंतर्गत संशोधनाची कागदपत्रं बाहेर आली. स्वतःच्या शरीराबद्दल आधीच वाईट वाटत असलेल्या किशोरवयीन मुलींपैकी ३२ टक्के मुलींनी सांगितलं होतं, की इन्स्टाग्राममुळे ते जास्त वाईट वाटतं. जानेवारी २०२५ पासून मेटाने बाहेरच्या लोकांनी बनवलेले फिल्टर बंद केले.

मग ऑपरेशन केल्यावर बरं वाटतं का?

माझी अपेक्षा होती, की उत्तर 'नाही' असं येईल. तसं आलं नाही.

जर्मनीतल्या बोखम विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्यांदाच कॉस्मेटिक सर्जरी करणाऱ्या ५४४ जणांची तुलना त्यांनी अशा २६४ जणांशी केली, ज्यांना सर्जरी हवी होती पण त्यांनी केली नाही. ३, ६ आणि १२ महिन्यांनी विचारलं. सर्जरी केलेल्यांचा आत्मविश्वास वाढलेला होता, चिंता कमी होती, आयुष्याबद्दल समाधान जास्त होतं. 'या ऑपरेशनने माझे सगळे प्रश्न सुटतील' अशा धर्तीची अवास्तव अपेक्षा त्यांच्यापैकी फक्त १२ टक्के लोकांची होती.

नॉर्वेतला अभ्यास उलट सांगतो. तिथे दीड हजारांहून अधिक मुलींचा किशोरवयापासून १३ वर्षं पाठपुरावा केला गेला. २०१२ मध्ये निष्कर्ष आले. ज्यांनी पुढे कॉस्मेटिक सर्जरी केली त्यांच्यात आधीपासूनच नैराश्य आणि चिंतेची लक्षणं जास्त होती, आणि त्या काळात ती इतरांपेक्षा जास्त वाढली. सर्जरीने ती कमी झालेली दिसली नाहीत.

दोन्ही अभ्यास बरोबर कसे? आपल्या क्षेत्रात एखादा सर्व्हर स्लो झाला की आपण सगळ्यात आधी विचारतो, लोड काय होता? इथेही तेच आहे. माणूस ऑपरेशन टेबलवर काय मनःस्थिती घेऊन जातो, यावर बरंचसं ठरतं. २००४ मध्ये हनिगमन, फिलिप्स आणि कॅसल यांनी तोपर्यंतचे अभ्यास एकत्र करून तपासले. बहुतेक लोक निकालावर समाधानी असतात, असं त्यांना दिसलं. पण समाधान न मिळणाऱ्यांमध्ये काही गोष्टी पुन्हा पुन्हा आढळल्या. वय कमी असणं. अवास्तव अपेक्षा. दोष इतरांना जेमतेम दिसेल एवढाच असणं. आधीच्या सर्जरीवर नाराजी. नातं वाचवायला सर्जरी करणं. नैराश्य किंवा चिंतेचा इतिहास. पुरुष असणं हेही त्या यादीत आहे, हे केसांसाठी हप्ते भरणाऱ्या माझ्या मित्रांनी लक्षात घ्यावं.

मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनला हे फार आधी जाणवलं होतं. चेहरा बदलूनही काही रुग्ण 'काहीच फरक नाही' म्हणायचे. त्यातून १९६० मध्ये 'सायको-सायबरनेटिक्स' हे पुस्तक आलं. माणसाच्या मनात स्वतःचं एक चित्र असतं आणि सर्जन त्याला हात लावू शकत नाही, हा त्यातला गाभा.

आरसा बिघडलेला असेल तर

या गणिताच्या टोकाला एक खराखुरा आजार आहे. बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर, थोडक्यात बीडीडी. इटालियन डॉक्टर एन्रिको मोर्सेल्ली यांनी १८९१ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणजे फोन नव्हते तेव्हा. इतरांना न दिसणारा किंवा किरकोळ वाटणारा दोष त्या माणसाला इतका मोठा वाटतो, की दिवसाचे तासन् तास त्यातच जातात. सतत आरसा बघणं, किंवा आरसा टाळणं. इतरांशी तुलना. 'मी बरी दिसते ना?' असं पुन्हा पुन्हा विचारणं. २०१३ पासून मानसोपचाराच्या वर्गीकरणात तो ओसीडीच्या कुटुंबात ठेवला आहे.

सर्वसाधारण लोकांत याचं प्रमाण सुमारे २ टक्के आहे. २०१६ च्या एका मोठ्या आढाव्यानुसार कॉस्मेटिक सर्जरीसाठी आलेल्यांमध्ये ते सुमारे १३ टक्के आणि नाकाच्या सर्जरीसाठी आलेल्यांमध्ये सुमारे २० टक्के सापडलं. म्हणजे नाकाच्या ओपीडीत बसलेल्या पाचांपैकी एकाला कदाचित वेगळ्याच डॉक्टरची गरज असते. अशा माणसांना सर्जरीने सहसा बरं वाटत नाही. नाकाचं झालं की लक्ष हनुवटीवर जातं, किंवा त्याच नाकावर दुसरं ऑपरेशन हवं असतं. डिस्प्ले ड्रायव्हरमध्ये बग असताना मदरबोर्ड बदलत बसावं, तसं आहे हे. बरं वाटतं ते मानसोपचाराने, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी आणि गरज असेल तर एसएसआरआय गटातली औषधं.

फिल्टरमुळे बीडीडी होतो असं म्हणण्याइतका पुरावा नाही आणि मी तसं म्हणतही नाही. पण ज्याचं मन आधीच त्या वाटेवर आहे त्याच्या हातात आपण रोज भिंग देतोय, एवढं नक्की.

पुण्याचं नाक

सर्जरीच्या विरोधात लिहिलंय असं वाटू नये म्हणून हा किस्सा. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये एक पत्र छापून आलं. कावसजी नावाचा बैलगाडीवान इंग्रज फौजेबरोबर होता. टिपूच्या सैन्याने त्याला पकडलं आणि त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो तसाच वावरला. मग पुण्याजवळच्या एका कुंभार जातीच्या माणसाने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवीन नाक बसवलं. आधी मेणाचं माप घेऊन, मग त्या मापाने कातडी कापून. हे वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये ही शस्त्रक्रिया केली, १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं आणि युरोपात ती पद्धत रुजली. सुश्रुतसंहितेत नाक जोडण्याचं वर्णन आहेच, पण आधुनिक युरोपने ते उचललं ते पुण्याच्या बातमीवरून.

कावसजीला नाक मिळालं तेव्हा त्याला चारचौघांत पुन्हा तोंड वर करून जाता आलं असेल. भाजलेला चेहरा, दुभंगलेला ओठ, अपघाताचा व्रण, कॅन्सरनंतर काढलेला स्तन, यांच्यावरच्या शस्त्रक्रिया माणसाला आयुष्य परत देतात. आणि ज्याला आपलं नाक वीस वर्षं खरोखरच आवडलेलं नाही, ज्याने शांतपणे विचार केलाय, त्याने सर्जरी केली तर आपण नाकं मुरडण्याचं कारण नाही. प्रश्न फक्त हा, की तुलना कशाशी चालली आहे? चारचौघांशी की ४६८ ठिपक्यांशी?

बाजार आणि नियम

प्लास्टिक सर्जन्सच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मोजणीनुसार २०२३ मध्ये जगात सुमारे साडेतीन कोटी कॉस्मेटिक उपचार झाले, त्यातले निम्म्याहून अधिक बिगर-शस्त्रक्रियेचे, म्हणजे इंजेक्शनं वगैरे. एवढा बाजार असेल तर जाहिरात आलीच. भारतात डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम रुग्णांना आकर्षित करण्यासाठी जाहिरात करायला मनाई करतात. इन्स्टाग्राम उघडून 'आधी-नंतर'ची रील्स बघा आणि हे नियम कुठे गेले ते तुम्हीच ठरवा.

केसांचं उदाहरण घ्या, कारण माझ्या वयाच्या आयटीतल्या मुलांचा तो जिव्हाळ्याचा विषय आहे. लग्नाच्या बायोडेटाचा फोटो काढायच्या आधी ट्रान्सप्लांट उरकायचं, असं वेळापत्रकच असतं. नॅशनल मेडिकल कमिशनला सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट सांगावं लागलं, की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघून शिकणं हे अशा उपचारांसाठी पुरेसं प्रशिक्षण नाही. तरी २०२५ मध्ये कानपूरमधली प्रकरणं गाजली. केशरोपणानंतर दोन इंजिनिअर गेले.

बाकी देशांनी काय केलं? इंग्लंडने ऑक्टोबर २०२१ पासून १८ वर्षांखालच्यांना सौंदर्यासाठी बोटॉक्स आणि फिलर द्यायला बंदी घातली. नॉर्वेत जुलै २०२२ पासून जाहिरातीतलं शरीर एडिट केलं असेल तर तसं लेबल लावावं लागतं. फ्रान्सने २०२३ मध्ये इन्फ्लुएन्सरना कॉस्मेटिक सर्जरीचा प्रचार करायला मनाई केली. मला सगळ्यात पटला तो ऑस्ट्रेलियाचा जुलै २०२३ चा नियम. तिथे सर्जरीआधी फॅमिली डॉक्टरची किंवा दुसऱ्या डॉक्टरची चिठ्ठी लागते, सर्जनला बीडीडीची तपासणी प्रमाणित प्रश्नावलीने करावी लागते, किमान दोन भेटी व्हाव्या लागतात आणि संमतीनंतर सात दिवस थांबावं लागतं. यातलं काहीच महाग नाही. प्रश्नावली तर एका पानाची असू शकते. माझ्या बहिणीला त्या क्लिनिकमध्ये एकच प्रश्न विचारला गेला होता. हप्ता किती महिन्यांचा हवा?

निर्णय घेण्याआधी एवढं करून बघा

१. फोन दुसऱ्याच्या हातात द्या, पाच फुटांवर उभे राहा, मागच्या कॅमेऱ्याने थोडं झूम करून दिवसाच्या उजेडात फोटो काढा. क्लिनिकला दाखवायचाच असेल तर तो दाखवा.

२. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ब्यूटी, रीटच, स्मूथ असं जे काही असेल ते बंद करा. व्हिडिओ कॉलमध्ये स्वतःचा चेहरा लपवायची सोय असते, ती वापरा. महिनाभर तसंच राहा आणि मग बघा किती खटकतं ते.

३. 'आधी-नंतर'चे फोटो बघताना अंतर, उजेड, मानेचा कोन आणि मेकअप सारखा आहे का ते तपासा. 'आधी' जवळून आणि वरच्या ट्यूबलाईटमध्ये, 'नंतर' लांबून आणि मऊ उजेडात, एवढ्यानेही नाक बदलतं.

४. स्वतःला विचारा, हे झाल्यावर माझ्या दिवसात नेमकं काय बदलेल? उत्तर 'नाक' असेल तर ठीक. उत्तर 'नोकरी, लग्न, आत्मविश्वास' असेल तर थांबा.

५. डॉक्टर खरंच प्लास्टिक सर्जन किंवा त्वचारोगतज्ज्ञ आहेत का, त्यांची नोंदणी तपासा. ऑपरेशन प्रत्यक्ष कोण करणार, हेही विचारा.

६. दिसण्याच्या विचारात रोज तासभर जात असेल, त्यापायी बाहेर जाणं टाळत असाल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

आणि बहिणीचं काय झालं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाच्या अंगणात मी तिचा पाच फुटांवरून फोटो काढला. शेजारी तिचा सेल्फी ठेवला. मला वाटलं, आता ती म्हणेल, "अरे, माझं नाक तर छान आहे!" तसं काही झालं नाही. बराच वेळ दोन्ही फोटो बघून ती म्हणाली, "यात जरा बरं आहे. पण आवडत नाहीच मला." ठीक आहे. आवडलंच पाहिजे असा काही कायदा नाही.

फक्त तिने उजवीकडचा, ॲपवाला फोटो डिलीट केला. "हा कोणाचाच नाहीये," म्हणाली. निर्णय तिने वर्षभर पुढे ढकललाय. फंड चालू आहे. क्लिनिकमधून दर आठवड्याला सवलतीचा फोन येतो, तो मामी उचलते.

निघताना तिने विचारलं, "दादा, तुमच्या त्या ॲपमध्ये स्लायडर अजून तीसवरच असतो का रे?"

ती नोकरी सोडून मला तीन वर्षं झाली. तरी घरी येऊन ॲप नव्याने डाउनलोड केलं आणि कॅमेरा चालू केला. तीसवरच होता. जुन्या टीममधल्या मित्राला मेसेज केला, की हा शून्यावर आणा, एका ओळीचा बदल आहे. त्याने तिकीट टाकलंय. मी दर महिन्याला त्याला विचारतो.